आठ चिप्स, एक बाइट: जुन्या धाटणीच्या संगणकात मेमरी बसवताना

"सर, आठातली एक चिप गावलीच नाही. सात बसवू का? सात अष्टमांश मेमरी तर चालंल ना?"

सेलूच्या एका विद्यार्थिनीचा हा प्रश्न. हिशेब सरळ आहे, पण उत्तर "नाही, काहीच चालणार नाही" असं आहे. ते का, हे समजलं की बेसवर (चिप खोचायच्या सॉकेटवर) मेमरी बसवण्याचं निम्मं काम समजलं. बाकीचं निम्मं काम डोळ्यांचं आणि अंगठ्यांचं.

हा लेख दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. कुणाला भंगारात किंवा एखाद्या बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासच्या अडगळीत पीसी-एक्सटीचा (१९८० च्या दशकातल्या आयबीएम धाटणीच्या संगणकाचा) जुना बोर्ड मिळालेला असतो, आणि त्यावर रांगेने रिकामे आयसी बेस असतात. कुणी झेड-८० किंवा ६५०२ प्रोसेसरचं नवं किट मागवून स्वतः सोल्डर केलेलं असतं, आणि शेवटी मेमरीची चिप हातात घेऊन थबकलेलं असतं. (झेड-८० हा प्रोसेसर १९७६ साली आला आणि झायलॉग कंपनीने त्याच्या मूळ स्वरूपातल्या चिपच्या शेवटच्या ऑर्डरी २०२४ मध्ये घेतल्या. एखादी चिप जवळजवळ पन्नास वर्षं बनत राहणं ही फार मोठी गोष्ट आहे.) लातूर, नांदेड, परभणीत असं काम करणारी मुलं आता दिसू लागली आहेत. त्यांना मराठीत नीट सांगितलेलं काही हाताशी असावं, असं मला मनापासून वाटतं.

तर आधी सात चिप्सचा प्रश्न. जुन्या मेमरी चिपवर ४१६४ असा आकडा असतो. तिच्यात ६५,५३६ खाने असतात आणि प्रत्येक खान्यात एकच बिट मावतो, म्हणजे ० किंवा १. संगणकाला मात्र एका वेळी आठ बिट लागतात, त्यालाच आपण बाइट म्हणतो. म्हणून आठ चिप्स शेजारी शेजारी बसवतात आणि प्रत्येक बाइटचा एकेक बिट एकेका चिपमध्ये जातो. असं समजा, दहा जणांनी गावातल्या प्रत्येकाचा मोबाइल नंबर वाटून लक्षात ठेवला आहे: पहिल्याकडे सगळ्यांचा पहिला आकडा, दुसऱ्याकडे सगळ्यांचा दुसरा. त्यांतला एक जण गैरहजर राहिला, तर गावातला एकही नंबर पुरा लागणार नाही. एक चिप नसेल तर मेमरीचा आठवा भाग जात नाही, प्रत्येक बाइट बिघडतो. प्रोग्रॅमची पहिलीच सूचना चुकीची वाचली जाते आणि यंत्र तिथेच अडकतं.

आयबीएम पीसी आणि त्याच्या नकलांमध्ये ही रांग आठाची नसून नऊची असते. नववी चिप पॅरिटीची. आठ बिटांत १ किती आले ते सम की विषम, एवढीच नोंद ती ठेवते आणि वाचताना हिशेब जुळला नाही तर यंत्र थांबतं. नऊ चिप्सच्या अशा एका संचाला बँक म्हणतात. पुष्कळ एक्सटी बोर्डांवर चार बँका असतात: दोन बँकांत ४१२५६ चिप्स, त्यांचे ५१२ के (किलोबाइट); दोन बँकांत ४१६४, त्यांचे १२८ के. मिळून ६४० के आणि एकूण ३६ चिप्स. बँक अर्धवट भरून चालत नाही. भरायची तर पूर्ण, नाहीतर पूर्ण रिकामी.

आता ४१६४ च्या सोळा पायांकडे बघू. मला या विषयातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो.

६५,५३६ खान्यांतला एक नेमका खाना दाखवायला १६ बिटांचा पत्ता लागतो. चिपला पायच सोळा, मग पत्त्यालाच सोळा खर्च झाले तर वीज कुठून घ्यायची आणि माहिती कुठून आणायची? यावर मोस्टेक कंपनीने १९७३ मध्ये आपल्या ४ के बिटांच्या चिपमध्ये वापरलेली युक्ती पुढे सगळ्यांनी उचलली. पत्ता दोन हप्त्यांत पाठवायचा. खाने चौकटीत मांडलेले असतात, आडव्या ओळी आणि उभे रकाने. आधी पत्त्याच्या आठ पायांवर ओळीचा आकडा ठेवायचा आणि 'रास' नावाच्या पायावर इशारा द्यायचा. मग त्याच आठ पायांवर रकान्याचा आकडा ठेवायचा आणि 'कास' पायावर इशारा द्यायचा. मोजून बघा: पत्त्याचे ८, रास, कास, माहिती आत जाण्याचा १, बाहेर येण्याचा १, लिहायचं की वाचायचं हे सांगणारा १. झाले १३. वीज आणि ग्राउंडचे २ धरून १५. एक पाय उरला, तो ४१६४ मध्ये नुसताच असतो. पुढच्या पिढीत, म्हणजे ४१२५६ मध्ये, तोच उरलेला १ नंबरचा पाय पत्त्याला दिला. पत्ता दोनदा जात असल्यामुळे एका पायाने दोन बिट वाढले आणि मेमरी थेट चौपट झाली: २,६२,१४४ खाने.

प्रत्येक खाना म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि एक अगदी बारका कपॅसिटर. ही रचना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची, तिचं पेटंट १९६८ सालचं. कपॅसिटर भरलेला असेल तर १, रिकामा असेल तर ०. पण त्यातला भार गळत राहतो, म्हणून २ ते ४ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ एकदा वाचून पुन्हा भरावी लागते. यालाच रिफ्रेश म्हणतात, आणि अशा मेमरीला डायनॅमिक म्हणतात ते याचमुळे. झेड-८० मध्ये रिफ्रेशसाठी स्वतःचा मोजणारा असतो, पण तो १२८ ओळींपर्यंतच मोजतो. रिफ्रेश त्याच्यावर सोपवलेल्या यंत्रासाठी ४१६४ घेताना डेटाशीटमध्ये १२८ सायकल लिहिलेली चिप घ्यावी. काही कंपन्यांच्या चिपला २५६ लागतात.

नव्या किटमध्ये बहुतेक वेळा ही कटकट नसते. तिथे ६२२५६ ही २८ पायांची स्टॅटिक मेमरी असते: ३२,७६८ बाइट, आठही बिट एकाच चिपमध्ये, रिफ्रेशची गरज नाही. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

चिप विकत घेताना आकडा वाचता यायला हवा. ४१६४ ही जात, तिला हिताची ४८६४ म्हणते, फुजित्सू ८२६४ आणि ओकी ३७६४. शेवटी -१५ असेल तर १५० नॅनोसेकंद, -१२ म्हणजे १२० आणि -२० म्हणजे २००. बोर्डाला लागते त्यापेक्षा वेगवान चिप चालते, हळू चिप चालत नाही. ८६२३ असा चार आकडी छापा दिसला तर १९८६ सालचा २३ वा आठवडा. नांदेड-लातूरकडच्या लोकांना इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारांपैकी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपेक्षा हैदराबादचा कोटी भाग जवळ पडतो, आणि ऑनलाइन तर काय कुठूनही येतात. फक्त आकडे घासून नव्याने छापलेल्या चिप्सही बाजारात असतात. कापसाला ॲसिटोन लावून पाठ पुसा. छपाई निघून खाली खरवडलेला काळा पृष्ठभाग दिसला तर तो माल परत करा.

एक घातक सारखेपणा मात्र पक्का लक्षात ठेवा. ४११६ नावाची जुनी १६ के बिटांची चिप दिसायला हुबेहूब ४१६४ सारखीच, सोळा पायांची. पण तिला तीन प्रकारचं व्होल्टेज लागतं: +१२, +५ आणि -५. तिच्या बेसमध्ये ८ नंबरच्या पायावर १२ व्होल्ट येतात आणि ४१६४ ला त्याच जागी ५ हवे असतात. चुकून बसवली तर चिप मेलीच. आणखी एक गोष्ट: नेहमीच्या सोळा पायांच्या टीटीएल (५ व्होल्टच्या लॉजिक) आयसीमध्ये १६ वर +५ आणि ८ वर ग्राउंड असतं, ४१६४ मध्ये बरोबर उलटं, ८ वर +५ आणि १६ वर ग्राउंड. सवयीने मल्टिमीटर लावणारा इथे हमखास गोंधळतो.

या चिप्सच्या इतिहासातली एक गोष्ट सांगायलाच हवी. १९८२ साली आलेला झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक १६ के आणि ४८ के अशा दोन रूपांत मिळे. (भारतात तो पुढे डीबी स्पेक्ट्रम नावाने विकला गेला.) १६ केच्या बऱ्याच बोर्डांवर वाढीव मेमरीचे बेस रिकामेच ठेवलेले असत. त्यांत आठ मेमरी चिप्स आणि चार टीटीएल आयसी दाबले की यंत्र ४८ केचं होई. त्या आठ चिप्स मुळात ६४ के बिटांच्या होत्या, पण तपासणीत अर्धा भाग खराब निघालेल्या. चांगल्या अर्ध्यापुरत्या ३२ के म्हणून त्या स्वस्तात विकल्या जात, ४५३२ या आकड्याने. अट एकच: आठही चिप्सचा तोच अर्धा चांगला हवा, आणि बोर्डावरची जोडतार त्याप्रमाणे लावायची. फेकून द्यायच्या मालातून हजारो घरांत संगणक उभा राहिला, तो बिट आणि पत्त्याची ही मांडणी ओळखणाऱ्यांमुळे.

आता प्रत्यक्ष बसवायला घेऊ.

चिप न बसवता आधी वीज तपासा. प्लग काढलेला असताना रिकाम्या बेसच्या ८ आणि १६ मध्ये शॉर्ट नाही ना, ते मल्टिमीटरने बघा. जुन्या एक्सटी बोर्डांवरचे टँटलम कपॅसिटर शॉर्ट होण्यासाठी प्रसिद्ध आहेत. मग वीज देऊन तिथे ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळतात का ते पाहा. ६२२५६ असेल तर २८ वर +५ आणि १४ वर ग्राउंड. एवढं झाल्यावरच वीज बंद करून चिपला हात लावा.

आपल्या मराठवाड्यात स्थिर विजेकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. पावसाळा सोडला तर हवा कोरडी, आणि कोरड्या हवेत अंगावर साठलेला भार सहज उतरत नाही. थंडीत घोंगडी-शाल पांघरून किंवा नायलॉनचे कपडे घालून बसू नका, सुती घाला. मनगटपट्टी मिळाली तर उत्तम. तिच्या तारेत १ मेगओहमचा रेझिस्टर असतो, तो तुमच्या जिवासाठी आहे, म्हणून तिच्याऐवजी साधी तार गुंडाळू नका. पट्टी नसेल तर चिप उचलण्याआधी दर वेळी बोर्डाच्या ग्राउंडला किंवा धातूच्या डब्याला हात लावा. तुम्ही, बोर्ड आणि चिप एकाच पातळीवर आलात की भार उडी मारत नाही. आणि थर्माकोल! आपल्याकडे सर्रास आयसी थर्माकोलमध्ये खोचून ठेवतात. स्थिर वीज तयार करायला त्याच्याइतकं वाईट काही नाही. पुठ्ठ्यावर ॲल्युमिनियमचा फॉइल गुंडाळून त्यावर ठेवल्या तरी चालतात, काळा अँटिस्टॅटिक फोम मिळाला तर फारच चांगलं.

नव्या चिपचे पाय जरा बाहेर फाकलेले असतात. तसेच दाबले तर एखादा पाय बेसच्या बाहेर किंवा पोटाखाली दुमडतो. चिप आडवी धरून एका बाजूचे सगळे पाय फॉइल लावलेल्या सपाट पृष्ठभागावर टेकवा आणि हलकेच वाकवा, मग दुसरी बाजू. दोन्ही रांगा समांतर आणि सरळ दिसल्या पाहिजेत.

मग दिशा. चिपच्या एका टोकाला खाच असते किंवा १ नंबरच्या पायाशी ठिपका. बेसला खाच असते, बोर्डाच्या छपाईतही असते. पण बेस उलटा सोल्डर झालेला असू शकतो, म्हणून बोर्डाची छपाई प्रमाण मानायची. मागच्या बाजूला १ नंबरचा पाय बहुतेक वेळा चौकोनी पॅडवर असतो, तेही पडताळा. शेजारची चिप ज्या दिशेला आहे त्याच दिशेला हीसुद्धा असेल, असं गृहीत धरू नका. ४१६४ उलटी बसली की +५ च्या जागी ग्राउंड आणि ग्राउंडच्या जागी +५ येतं, आणि चिप तापून मरते.

आता एका बाजूचे पाय बेसच्या छिद्रांत नुसते टेकवा, दुसरी बाजू त्यांच्या रेषेत आणा, सगळे पाय आपापल्या छिद्रावर आहेत हे टॉर्च लावून दोन्ही बाजूंनी बघा. बोर्डाखाली आधार घ्या, नाहीतर बोर्ड वाकून जुने सोल्डर तडकतात. दोन्ही अंगठ्यांनी दोन टोकांवर सारखा दाब द्या. चिप थोडी खाली जाते, अडते, मग पुन्हा दाबलं की बसते. वाकडी जात असेल तर थांबा, काढा, पाय सरळ करा. पाय एकदा सरळ करता येतो, दोनदा-तीनदा केला की तुटतो. काढताना बारीक पेचकस एका टोकाखाली घालून किंचित उचला, मग दुसऱ्या टोकाखाली, असं आलटूनपालटून.

जुन्या बोर्डावर खरा शत्रू असतो तो बेस. स्वस्त बेसमध्ये पत्र्याच्या दोन पात्या पाय धरतात. वर्षांनुवर्षं त्या सैल पडतात, काळवंडतात, आणि आपल्याकडची काळ्या मातीची बारीक धूळ आत जाऊन बसते. यावर भर म्हणजे तापमान. परभणीत डिसेंबरच्या पहाटे पारा एक आकडी होतो आणि मे महिन्यात चाळिशी ओलांडतो, त्यात यंत्राची स्वतःची उष्णता. चिप आणि बेस प्रसरण-आकुंचन पावत राहतात आणि चिप केसाकेसाने वर सरकते. म्हणून कोणत्याही जुन्या बोर्डावर पहिलं काम: एकेक चिप अंगठ्याने दाबून बघणं. कित्येक बंद यंत्रं एवढ्यानेच सुरू होतात. तरी न जमल्यास चिप काढून पाय आणि बेस आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा. मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात ते मिळतं. बेस फारच सैल असेल तर तो उतरवून गोल छिद्रांचा, टर्न्ड पिनचा बेस लावा. तो महाग पडतो, पण पकड वर्षानुवर्षं राहते.

चिप्स बसल्या तरी एक्सटीला आपोआप कळत नाही. बोर्डावरचे डिप स्विच (बारक्या स्विचांची रांग) किती मेमरी आहे ते सांगतात, आणि मांडणी प्रत्येक बोर्डाची वेगळी, तेव्हा त्याचंच मॅन्युअल शोधा. स्विच चुकीचे असतील तर नवी मेमरी दिसणारच नाही आणि तुम्ही उगाच चिप्सना दोष देत बसाल.

यंत्र सुरू करताना हात स्विचवर ठेवा. काही सेकंदांनी बोट प्रत्येक चिपजवळ न्या. कोमट चालेल. चटका बसेल अशी एखादी असेल तर लगेच बंद करा, ती उलटी आहे किंवा मेली आहे.

आणि इथे ती बिटांची मांडणी कामी येते. आयबीएम एक्सटीवर मेमरीत दोष असेल तर २०१ हा आकडा येतो. त्याच्या आधीचे दोन आकडे बिट सांगतात: ०१, ०२, ०४, ०८, १०, २०, ४०, ८० म्हणजे अनुक्रमे बिट ० ते ७, आणि ०० म्हणजे पॅरिटीची चिप. त्यांच्याही आधी येणाऱ्या पत्त्यावरून बँक कळते, बिटावरून त्या बँकेतली नेमकी चिप. छत्तीसांतून एकीवर बोट ठेवता येतं. चालता चालता 'पॅरिटी चेक १' असं येऊन यंत्र थांबलं तर दोष मुख्य बोर्डावर, '२' आलं तर जोडलेल्या कार्डावर. पहिल्याच बँकेत बिघाड असेल तर सहसा पडद्यावर काहीच उमटत नाही. अशा वेळी त्याच जातीच्या चिप्सची दुसरी बँक असेल तर दोन्हींतल्या चिप्स आपसात बदलून बघा.

संशयित चिप सापडली म्हणून लगेच फेकू नका. तिची जागा शेजारच्या चिपशी बदला. दोष चिपबरोबर सरकला तर चिप खराब. तिथेच राहिला तर बेस किंवा बोर्डाची वाट खराब, नवी चिप आणूनही उपयोग नाही. हा एक प्रयोग शिकलात तर पैसे आणि दिवस दोन्ही वाचतील.

किटवर तयार तपासणी नसेल तर स्वतः लिहा, मॉनिटर प्रोग्रॅममधून (मेमरीत थेट लिहू-वाचू देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममधून) हातानेही जमते. प्रत्येक जागी हेक्स (सोळाच्या पटीतली संख्यापद्धत) ५५ लिहून परत वाचा, मग एए. पहिल्याचे बिट ०१०१०१०१, दुसऱ्याचे १०१०१०१०, त्यामुळे प्रत्येक बिट दोन्ही अवस्थांत तपासला जातो आणि शेजारचे दोन बिट एकमेकांना चिकटले असतील तर तेही दिसतं. पण एवढ्याने पत्त्याच्या तारा तपासल्या जात नाहीत. पत्त्याचा एखादा पाय बेसमध्ये दुमडला असेल, तर दोन वेगळे पत्ते एकाच खान्याकडे जातात, आणि सगळीकडे तोच ५५ लिहिल्यामुळे चूक लपते. म्हणून पत्ता ०००० वर एक आकडा लिहा, मग ०००१, ०००२, ०००४, ०००८ असं दुपटीने जात मेमरीच्या टोकापर्यंत प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा लिहा, आणि सगळं लिहून झाल्यावर पहिल्यापासून वाचा. ज्या दोन पत्त्यांवर एकच आकडा मिळेल त्यांच्यावरून नेमका पाय कळतो. मेमरीचा तुकडा ०००० ऐवजी दुसरीकडून सुरू होत असेल, तर त्या सुरुवातीच्या पत्त्यात हेच आकडे मिळवा.

ही तपासणी सकाळच्या गारव्यात एकदा पास झाली म्हणून झाकण लावू नका. चिप तापली की खान्यांतला भार लवकर गळतो, आणि काठावरची चिप दुपारीच दगा देते. उन्हाळ्यात दुपारी दोनच्या सुमारास, यंत्र तासभर चालू राहिल्यावर तपासणी पुन्हा लावा. तेव्हाही एकही चूक आली नाही, तर मग बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा चढवायला घ्या.